डोहातली वाळू

सिदनवाडी, मंद्रूपशेजारी
४ डिसेंबर २०२४

सही करायच्या आधी एकदा येऊन बघायला तुझे पाय मोडले होते का?

काल ग्रामपंचायतीच्या ओट्यावर तुमचा अहवाल वाचला. ग्रामसेवक वाचत होता आणि मधेमधे स्वतःच जांभया देत होता. ओढ्यावरच्या एकोणीस जागा तपासल्या म्हणे. आमचा डोह सात नंबरला. त्यात लिहिलंय, तळाच्या गाळात शिशाचं प्रमाण मर्यादेत आहे, गाळ शेतात टाकायला हरकत नाही. खाली तीन तज्ज्ञांच्या सह्या. तिसरी तुझी. डॉक्टर सुकन्या बिरदेव. तुझ्या बापाचं नाव असल्या कागदावर बघायला मी जिवंत राहिले.

रुद्रप्पा सरपंच सगळ्यांसमोर म्हणाला, "राजाव्वा, आता तर तुज्या नातीनंच लिवून दिलंय की. ओढा गंगा हाय. तुजी मेंढरं गाभडत्यात ती मनानंच गाभडत असतील." माणसं हसली. मीही त्याला म्हणाले, "गंगा हाय तर तू एक तांब्या पी की माझ्यासमोर." तेव्हा त्याचं हसणं थांबलं. पण कागद त्याच्या हातात होता, माझ्या हातात काठी.

आता रीतीचं लिहिते. चि. सुकन्याला अव्वाचा आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा आहे तसाच आहे. तुझा भाऊ सिद्धराम तुझी आठवण काढत नाही, पण तुझं नाव निघालं की उठून जात पण नाही, एवढं समज. फोनवर माझा आवाज आला की तू ठेवतेस, म्हणून तुझ्या कचेरीच्या पत्त्यावर लिहिते. तिथं शिपाई तरी घेईल.

यंदा अकरा मेंढ्यांनी पिलं टाकली. दोन कोकरं जन्मली ती आंधळी. वरच्या अंगाला ते पत्र्याचं शेड होतं ना, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचं, ते बंद पडून दोन वर्षं झाली. पण त्याची घाण पावसाबरोबर खाली येऊन आपल्याच डोहात बसली, हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून तर गावानं अर्ज केला, म्हणून तर तुमची समिती नेमली. आणि तुम्ही तिघांनी पुण्यात पंख्याखाली बसून ठरवलं की काही नाही.

जागा मीच दाखवली होती त्या लोकांना. बरोबर दाखवली. मेंढरं धुवायचा डोह मला आंधळेपणी पण सापडेल. तेव्हा जागा चुकली असं म्हणू नका.

सिद्धरामची लेक अपेक्षा तीन वर्षांची झाली. तू बघितलं नाहीस तिला. मला 'अव्वा' म्हणते, मेंढराला 'हुर्र' म्हणते, बापाला नावानं हाक मारते. हल्ली पोट दुखतं म्हणून रडते, खात नाही. तिची आई रुपाली तिला घेऊन जुळे सोलापुरात बहिणीकडे गेली आहे, तिथं चांगला डॉक्टर आहे म्हणे. जंत असतील.

ही सही कशी केलीस ते लिही. मला कळेल असं लिही.

तुझी अव्वा


२६ डिसेंबर २०२४

तुझं पत्र आलं. सात ओळी. मी मोजल्या. चार वर्षांनी सात ओळी, आणि त्यात कशी आहेस हे नाही, जेवलीस का हे नाही. नुसते प्रश्न. डोहाच्या तळाला वाळू कुठून आली? संथ पाण्यात जाड वाळू बसत नाही, तिथं काळा गाळ असायला पाहिजे, नळी हातभर खाली गेली तरी नुसती वाळू आणि खाली मुरूम निघाला, हे कसं? नमुना घ्यायच्या आधी कुणी डोहाला हात लावला होता का?

हे तुला सही करायच्या आधी का नाही सुचलं? तू लिहितेस, एकोणीस जागांचे आकडे होते, सातव्याचा आकडा बरा आला म्हणून तिघांपैकी कुणी थांबलं नाही, वाईट आला असता तर थांबलो असतो. म्हणजे चांगली बातमी कुणी तपासत नाही. बरं आहे तुमचं शास्त्र.

तर तुझी उत्तरं. डोहात गाळ होता. रंग काळा. वाळू पुरानं आणली असेल. पूर कधी आला ते माझ्या ध्यानात नाही. हात कुणी लावला नाही.

आणखी काय पाहिजे? नमुना घ्यायला आले तो दिवस सांगते. एप्रिलची अठरा तारीख. एक जाडा साहेब आणि एक चष्मेवाली पोरगी, बास. मी सकाळपासून चिंचेखाली बसले होते. गूळ घालून गव्हाची हुग्गी केली होती, शेंगांची चटणी, धपाटे. गाडीतून दोघं उतरले तरी मी गाडीकडेच बघत होते. जाडा म्हणाला, "आजी, कोण राहिलंय का अजून?" मी म्हणाले, "तुमचं मोठं माणूस?" तो म्हणाला, "तज्ज्ञ येत नाहीत, ते रिपोर्ट बघतात." मग त्यांनी नळी ठोकली, पिशव्या भरल्या, चिठ्ठ्या चिकटवल्या. हुग्गी चष्मेवालीनं खाल्ली. जाड्याला साखरेचा आजार होता.

तू येणार असं कुणी सांगितलं होतं? कुणी नाही. मीच धरलं होतं. समितीत तुझं नाव आहे हे ग्रामसेवकानं सांगितलं होतं, आणि मी म्हणाले, ओढ्याचा गाळ बघायला येईल म्हणजे घरी येईलच.

मी तुला बिरदेवच्या दहाव्याला काय बोलले ते माझ्या ध्यानात आहे. 'बाप मेला तेव्हा ही कुठल्या नदीत मातीच्या पुड्या बांधत होती.' चारचौघांत बोलले. तुला फोन लागत नव्हता, ते मला नंतर कळलं. तेव्हा बोलले ते बोलले. मी बोललेलं परत घेत नाही, ते मला जमत नाही. पण मी ते एवढ्यासाठी लिहिते की तू येऊ नयेस म्हणून मी बोलले नव्हते.

अपेक्षाला झटके आले. सोलापुरात मोठ्या दवाखान्यात आहे. रक्तात शिसं निघालं. डॉक्टर म्हणाले पाचाच्या वर नको, हिचं ब्याण्णव आहे. ते ओढून काढायची औषधं चालू आहेत. डॉक्टरांनी विचारलं, घरात जुना रंग आहे का, बॅटरी आहे का, गावात ओढ्याबिढ्याला काही आहे का? सिद्धरामनं मोबाइलवर तुमचाच अहवाल दाखवला. "ओढा साफ हाय, साहेब. माझ्या बहिणीचीच सही हाय." मग डॉक्टरांनी ओढा सोडला आणि विचारलं, काजळ लावता का?

रुपाली लावायची. बाजारातली डबी. जन्मल्यापासून लावायची, सगळ्याच लावतात. डबी तपासायला पाठवली आहे, पण घरानं निकाल आधीच लावला. सिद्धराम तिला वॉर्डात सगळ्यांसमोर म्हणाला, "तूच घातलंस विष तिच्या डोळ्यांत." ती पोरीच्या उशाला बसून राहिली.

मीही तिच्या बाजूनं बोलले नाही.

अव्वा


१७ जानेवारी २०२५

गड्ड्याची जत्रा चालू आहे. सोलापुरातून येताना सिद्धरामनं अपेक्षासाठी फिरतं चक्र आणलं. तिनं हातात धरलं नाही. धरायचं असतं हे तिला कळलं नाही.

सहा तारखेला तिला घरी आणली. आकडा अडतीसवर आला होता. चालते, पण भिंतीला धरून. बोलत नाही. 'अव्वा' म्हणत नाही, 'हुर्र' म्हणत नाही. मेंढरं दारात आणून उभी केली, कोकरू मांडीवर दिलं. नुसती बघते. डॉक्टर म्हणाले, शब्द परत येतील का ते सांगता येत नाही, येतीलही, पण पहिलं काम म्हणजे आता तिच्या पोटात पुन्हा शिसं जाऊ द्यायचं नाही.

आणि काल परत तपासलं तर साठ.

काजळ घरात नाही. डबीतही काही निघालं नाही म्हणून दवाखान्यानं कळवलं. तरी सिद्धराम म्हणतो, दुसरी डबी लपवली असेल. रुपालीचा बाप ज्ञानबा वेळापूरहून आला होता. तो सिद्धरामला म्हणाला, "जावईबापू, माझी लेक खुनी न्हाय. तिला तसं म्हणायचं आसंल तर मी तिला आन् नातीला घेऊन जातो." सिद्धराम म्हणाला, "हिला न्या. पोरगी हितंच राहील." रुपालीनं पिशवी भरली आहे. मंगळवारी निघायचं म्हणते. पोरगी इथंच राहणार.

आज दुपारी मी चुलीपाशी बसले होते. गॅस आहे घरात, पण पाणी आणि भाकरी चुलीवरच. अपेक्षा सरकत सरकत आली. चुलीच्या कडेला बोट घासलं आणि तोंडात घातलं. परत घासलं, परत घातलं. कडेला खळगा पडला आहे, चार बोटं खोल. एका दिवसात पडत नाही एवढा खळगा. त्या खळग्यासमोर मी रोज भाकरी थापते.

मी तिचा हात धरला. ती ओरडली नाही. माझ्याकडे बघितलं आणि दुसऱ्या हाताचं बोट लावलं.

पुढचं मला आज लिहवत नाही.


२० जानेवारी २०२५

सुकन्या, हे नीट वाच. सव्वीस डिसेंबरच्या पत्रात मी खोटं लिहिलं. डोहाला हात मी लावला.

ते असं झालं. एप्रिलात दवंडी आली की पुण्याचे तज्ज्ञ डोह बघायला येणार. रुद्रप्पाला काही पडलेलं नव्हतं. मला पडलं होतं. तुझ्या समितीची माणसं येणार, तू येणार, आणि डोह कसा? वर कचरा, चपला, पिशव्या, कडेला शेवाळ, तळाला घोट्याएवढा काळा चिकट गाळ, उन्हानं वास मारणारा. पुण्याची माणसं काय म्हणतील? हे हिचं गाव. हिची आजी असल्या पाण्यात मेंढरं धुते.

तुला माहीत आहे, आपण लोकर कातरायच्या आधी मेंढरू धुतो. एक जण पुढं ओढतो, एक जण मागून ढकलतो, डोहातून पलीकडे काढतो, दोन दिवस उन्हात ठेवतो आणि मग कात्री लावतो. मळकं मेंढरू कातरणाऱ्यापुढं उभं करणं ही लाज. कातरणारा तोंडावर म्हणतो, 'काय गं, घरात पाणी नव्हतं का?' मला डोह तसाच वाटला. बघायला येणाऱ्यांपुढं मळका ठेवायचा नाही. ते बघायला येतात तो मळच, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. तिसरी शिकलेल्या डोक्याला कोण सांगणार? तुम्ही तरी कुठं कळवलं होतं की आहे तसा ठेवा म्हणून? पण ते राहू दे. मी केलं ते केलं.

सोजरबाई, चंद्रव्वा आणि आणखी सात बाया गोळा केल्या. चंद्रव्वा म्हणाली, "राजाव्वा, लगीन हाय का काय डोहाचं?" मी म्हणाले, "लगीन न्हाय, माहेरवाशीण येणार हाय." सोजरबाई म्हणाली, "मग तिची पाद्यपूजा बी करू की." हसत होतो गं सगळ्या. पाणी तसंही गुडघ्याखाली होतं. पाट फोडून काढून दिलं आणि दोन दिवस घमेल्यानं गाळ उपसला. तीन ट्रॉल्या निघाला. मग वरच्या नाल्यातली धुतलेली वाळू आणून तळाला पसरली. कडेला चुन्याची रेघ मारली. डोह बघायला असा झाला होता की बस. पाणी परत साठलं तरी तळ दिसायचा.

ती नळी वाळूत गेली. तुम्हाला आला तो आकडा नाल्यातल्या वाळूचा.

आता गाळ कुठं गेला ते. एक ट्रॉली सोजरबाईच्या कांद्याच्या वावरात, एक चंद्रव्वाच्या, एक गावठाणाच्या कडेला, तिथून ज्याला लागेल त्यानं नेला. आणि त्याच्या आधी, सगळ्यात खालचा, लोण्यासारखा मऊ गाळ मी दोन पाट्या भरून घरी आणला. चांगली माती दिसली की मला सोडवत नाही. माझी चूल फुटली होती. त्या मातीची नवी चूल घातली. उरलेल्या मातीनं चुलीपुढची जमीन सारवली, जिथं अपेक्षा खेळायची. तरी थोडी उरली म्हणून बेंदराच्या सणाला तिला दोन बैल करून दिले. ती त्यांची शिंगं चोखायची. चोखून चोखून शिंगं संपवली तिनं. मी हसले आणि म्हणाले, "आगं, गाय केलीस की तू बैलाची." परत शिंगं लावून दिली. तीनदा लावून दिली.

हे मला कधी कळलं असं तू विचारशील. खरं सांगते. दवाखान्यात डॉक्टरांनी 'ओढ्याबिढ्याला काही आहे का' विचारलं तेव्हा मला त्या दोन पाट्या आठवल्या होत्या. पण सिद्धरामनं तुमचा कागद दाखवला आणि मी मनाला म्हणाले, बघ, शिकलेल्या माणसांनी सही केली आहे, गाळात काही नाही. ज्या कागदावरून मी तुला शिव्या घातल्या त्याच कागदाखाली मी लपले. आणि रुपालीला काजळावरून बोलणी बसत होती ती बसू दिली. तू 'हात कुणी लावला' विचारलंस तेव्हा सव्वीस तारखेला 'कुणी नाही' लिहिलं. त्यानंतर दवाखान्यातून आणलेली पोरगी अकरा दिवस त्या चुलीपाशी बसली. ते दिवस माझ्यामुळं. तुझ्या सहीमुळं नाहीत.

डोहाचा थोडा गाळ शिल्लक आहे. पूर्वेला खडकाची बगल आहे ना, तू लहानपणी तिथं खेकडे धरायचीस, तिथं घमेलं जात नव्हतं म्हणून आम्ही सोडला. तिथली वाळू काढली की मूळचा गाळ निघेल. तिथं नळी ठोका.

चूल मी फोडली. तुकडे ओले करून खताच्या पोत्यात भरले, फडक्यानं तोंड बांधून. घरात अजून कुणाला काही सांगितलं नाही. रुपाली विचारत होती, "अव्वा, चूल का फोडली?" मी म्हणाले, "जुनी झाली." वर्ष झालं नाही चुलीला. 

ती उद्या जाणार आहे. तुझ्या पत्राची वाट बघत बसले तर जाईल. काय करायचं ते मला कळतं, तुला विचारत नाही. ती सही मात्र तू खोड.

तुझी अव्वा


७ फेब्रुवारी २०२५

विरुपाक्ष साहेब, अध्यक्ष, गाळ तपासणी समिती, यांना,

तुम्ही तिघांनी एकदा येऊन मला नुसतं विचारलं असतं की 'म्हातारे, या तळाला काल काय होतं?', तर मी तेव्हाच खरं सांगितलं असतं. तेव्हा माझ्याकडे लपवायला काही नव्हतं. उलट मी मिरवलं असतं. चुन्याची रेघ कुणी मारली तेही सांगितलं असतं. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढं माझाच गुन्हा आहे आणि मग तुम्ही हे वाचणार नाही.

नमस्कार.

माझी नात सुकन्या तुमच्या समितीत होती. तिचं मला पत्र आलं. गाव आपलं आहे हे तिनं तुम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही, कारण सांगितलं तर काढतील आणि गावाचं काम नीट होणार नाही असं तिला वाटलं. आणि गाव आपलं म्हणूनच ती जागेवर आली नाही, कुणी बोट दाखवू नये म्हणून. आता तिनं तुम्हाला सगळं सांगितलं आणि बाजूला झाली. तिनं मला लिहिलंय, निकाल लागेपर्यंत मला पत्र लिहू नकोस, मीही लिहिणार नाही, जे लिहायचं ते अध्यक्षांना लिही, ज्यानं केलं त्याच्या नावानं आणि सहीनं. म्हणून तुम्हाला.

माझा जबाब.

मी राजाबाई, बिरदेवची आई, राहणार सिदनवाडी, लिहून देते की गेल्या एप्रिलात तुमचे लोक यायच्या आधी सोळा आणि सतरा तारखेला मी मेंढरधुणीचा डोह उपसला आणि तळाला वरच्या नाल्याची वाळू टाकली. मला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी काही दिलं नव्हतं. सरपंचाला ठाऊक नव्हतं. बरोबर आणखी बाया होत्या. त्यांची नावं मी लिहीत नाही. मी दोघींकडे सहीसाठी गेले होते. एक म्हणाली, "आमी तुज्या सांगण्यावरनं केलं. तुजं तू निस्तर." दुसरीनं दार लावून घेतलं. त्यांच्या वावरात तो गाळ आहे आणि कांदा बाजारात न्यायचा आहे, म्हणून त्या बोलत नाहीत. त्या दोन्ही वावरांची माती तुम्ही आपणहून तपासा, वावरं मी दाखवीन. त्यांच्याही घरात पोरं आहेत.

खडकाच्या बगलेतला गाळ शिल्लक आहे, जागा मी दाखवीन. या वेळी धुणार नाही. चुलीची माती एका पोत्यात आहे. ते पोतं रुपालीनं, म्हणजे माझ्या नातसुनेनं, शेळ्यांच्या खोपटाच्या आढ्याला टांगलं आहे, पोरीचा हात जाणार नाही असं.

ते सांगायचं राहिलं. एकवीस जानेवारीला सकाळी ती पिशवी घेऊन दारात होती, तिचा बाप रिक्षा घेऊन आला होता. सिद्धराम पाठ करून उभा. मी म्हणाले, "थांब. काजळ न्हाय. चूल." आणि सगळं सांगितलं, उभ्यानं, बाहेर, शेजारी ऐकत असताना. सिद्धराम खाली बसला. रुपाली म्हणाली, "कवापासून ठावं हाय तुमास्नी?" मी म्हणाले, "पक्कं चार दिस. मनात म्हणशील तर दवाखान्यापासून." ती म्हणाली, "मी रोज रात्री त्या पोरीचे डोळे धुवत होते, अव्वा. मीठपाण्यानं. लाल हुईपातूर." 

मग तिनं पिशवी ठेवली, कुदळ घेतली आणि चुलीपुढची सगळी जमीन खणून काढली. सिद्धराम उठला आणि मातीची घमेली बाहेर न्यायला लागला. तिनं त्याला नको म्हटलं नाही. ज्ञानबानं रिक्षा परत पाठवली. माती डोहात टाकायला निघाले होते, मी ओरडले की तिथं टाकू नका, ती दाखवायची आहे. तेवढं एक माझं ऐकलं.

ती गेली नाही. मी गेले. तशी लांब नाही, मेंढरांच्या वाड्याशेजारी पत्र्याची खोली आहे तिथं. ती म्हणाली, "पोरीजवळ येऊ नका, एवढंच." आवाज चढवून म्हणाली नाही. जेवण सिद्धराम आणून देतो, ताटलीवर झाकण ठेवून, आणि उभा राहतो, बसत नाही. मला तक्रार नाही. तुम्हाला लिहिते कारण तुमच्या कागदात हे कुठल्या रकान्यात बसत नाही.

पोरीचा आकडा आता एकेचाळीस आहे, उतरतो आहे. परवा मेंढरं परतताना मी वाड्यात होते. ती आईच्या कडेवर, दारात. मी 'हुर्र' म्हणाले. तिनं आवाज ऐकून मान वळवली. तोंड उघडलं. काही आलं नाही. रुपालीनं तिला आत नेलं.

आता माझं मागणं. तो अहवाल रद्द करा आणि डोह परत तपासा. तोपर्यंत गाळ शेतात टाकू नका अशी पाटी लावा, मोठ्या अक्षरात, आणि दवंडी द्या. मला काय शिक्षा असेल ती सांगा. सुकन्याला समितीत परत घ्यायचं का नाही ते तुमचं तुम्ही बघा, मी मागत नाही. वाळूचा प्रश्न तिनं विचारला, उशिरा विचारला, पण तिघांत तिनंच विचारला, हे कागदावर राहू द्या.

उत्तर तुम्ही स्वतः द्या, दुसऱ्या कुणाला सांगू नका. माझ्या नावानं पाठवू नका. सौ. रुपाली सिद्धराम, सिदनवाडी, या नावानं पाठवा, आणि पहिल्याच ओळीत लिहा की पोरीला जे झालं ते काजळानं झालेलं नाही. तुमची सही आणि शिक्का घाला. तिला ते भिंतीवर लावता आलं पाहिजे.

सुकन्यानं उत्तर द्यायचं नाही. दोन ओळींचंही नाही. ती माझी नात आहे.

राजाबाई